निळी शाळा, तपकिरी शाळा

“हा बघा. हाही चावलेला.”

शिवणवालीने निळ्या सदऱ्याची बाही मशीनच्या दिव्याखाली धरली. मनगटाची कड दातांनी विरलेली, धागे सुटून आलेले आणि थुंकी वाळून कापड कडक झालेलं.

“उंदीर असेल,” डोळ्याचं भिंग न काढता घड्याळवाला म्हणाला. हा तिचा नवरा. एकाच गाळ्यात पुढे त्याची घड्याळं, मागे तिचं मशीन.

“उंदीर उजवीच बाही खातो का? आठ सदरे झाले या महिन्यात. सगळ्यांची उजवी.”

“शिकलेला उंदीर दिसतो. शाळेतलाच ना तो.”

ती हसली नाही. आज पाचपर्यंत दोनपैकी एका शाळेला होकार कळवायचा होता. दोन्ही खासगी, दोन्हींत मुंगीचा नंबर लागलेला. मुंगी ही त्यांची एकुलती एक, वय अकरा. पाचपर्यंत कळवलं नाही तर दोन्ही जागा जाणार, असं दोन्ही पत्रांत लिहिलेलं. नम्रपणे लिहिलेलं, पण लिहिलेलंच.

शाळा तिने पाहिल्या नव्हत्या असं नाही. ठरलेल्या दिवशी नवऱ्याला घेऊन दोन्हीकडे जाऊन आली होती. फरशा चकचकीत, बाई गोड. पण पाहुणे येणार म्हटल्यावर घर कुणीही आवरतं. खरं काय ते धुण्याच्या टोपलीत असतं, आणि दोन्ही शाळांची टोपली तिच्याच टेबलावर रिकामी होत होती. दुरुस्तीला आलेले गणवेश. डावीकडे निळ्यांचा ढीग, उजवीकडे तपकिऱ्यांचा. गिऱ्हाइकाच्या नावाने लावायचे सोडून तिने ते शाळेनुसार लावले होते. महिनाभर.

निळीकडून: चावलेल्या बाह्या. चघळलेल्या कॉलरी. आणि सात स्कर्ट, कंबर आत घ्यायला. वर्षाच्या मध्येच. वाढत्या पोरींच्या कमरा सैल करायच्या असतात, म्हणून तर शिवणीत जास्तीच्या कापडाची माया ठेवतात. या पोरी वाळत कशाने होत्या?

तपकिरीकडून: कोटाची बटणं. दोरा झिजून बटण गळलं की मागे भोक राहत नाही. ही बटणं कापडाचा तुकडा घेऊन गेलेली.

कुणीतरी ओढलं होतं.

होकारासोबत द्यायच्या दोन्ही अर्जांत शेवटी एकच प्रश्न होता. आपण आमचीच शाळा का निवडली?

निळीच्या अर्जावर तिने लिहिलं: शिस्तीसाठी. खोडलं. तिथे कोणी कोणाला ओढत नाही म्हणून. तेही खोडलं.

तपकिरीच्या अर्जावर: तिथल्या मुली बारीक होत नाहीत म्ह…

“पेन्सिलीने लिही म्हटलं होतं तुला,” घड्याळवाला म्हणाला.

“तुम्ही सांगा ना एकदा. कुठली?”

“इकडे आड, तिकडे विहीर. आणि आपण महिनाभर खोली मोजत बसलोय.”

“थट्टा पुरे. मला भीती वाटतेय.”

“मलाही, अगं,” तो हळूच म्हणाला आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

दोनच्या सुमारास एक बाई तपकिरी कोट न्यायला आली. तिचा मुलगा त्या शाळेत सातवीला. शिवणवालीने कोट पिशवीत घातला, पण पिशवी सोडली नाही.

“ताई, विचारू का? बटणं तुटतात कशी हो याची?”

“पोरंच ती. मस्ती करतात.”

“रोज?”

“तुमच्या मुलीला घालताय का तिकडे?” बाईने पिशवीचा दुसरा बंद धरला. “चांगली आहे शाळा. शिकवतात छान. खरंच.”

दारापर्यंत जाऊन ती परत आली. कोट काढून टेबलावर ठेवला.

“आतून एक खिसा लावून द्याल? लहानसा. चष्मा मावेल एवढा.”

“बाहेर आहेत की दोन.”

“मधल्या सुट्टीत तो चष्मा काढून ठेवतो. आतलाच बरा.”

खिसा लावायला दहा मिनिटं लागली. बाई गेल्यावर शिवणवालीने निळीचा अर्ज पुढे ओढला. ठरलं. चावू दे बाही. बाही बदलता येते.

तीन वाजता मुंगी आली. दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या, आताच्या शाळेचा सदरा मशीनवर. शिवणवालीने तो भिजत घालायला उचलला.

उजवी बाही ओली होती.

तिने कड दिव्याखाली धरली. दात अगदी ताजे.

“मुंगे, इकडे ये. कोण बोललं तुला? काय झालं शाळेत?”

“कुठे काय?”

“मग हे काय?”

मुंगीने बाहीकडे पाहिलं, मग आईकडे. “सराव,” ती म्हणाली.

“कसला सराव?”

“निळीचा. तूच रोज जेवताना सांगतेस ना बाबांना, तिथली सगळी मुलं बाही चावतात. मला आधी जमतच नव्हतं. फार घाण लागतं गं. आता येतं.”

शिवणवाली स्टुलावर बसली.

“आणि तपकिरीत घातलं तर?” घड्याळवाल्याने विचारलं.

मुंगीने दप्तरातून आपला स्वेटर काढला. बटणं दुहेरी दोऱ्याने गच्च शिवलेली, मागे गाठींचे नुसते डोंगर. “आई बाजारात गेली की मी मशीनच्या डब्यातला दोरा घेते. ओढून बघा बाबा. जोरात.”

त्याने ओढलं. बटण आलं नाही.

“अजून जोरात.”

नाही आलं. त्याने सकाळपासून पहिल्यांदाच डोळ्याचं भिंग काढलं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

महिनाभर ती दोघं पोरीच्या डोक्यावरून बोलत होती. भाजी वाढताना, ताटं उचलताना. पोरगी खाली मान घालून जेवते आहे, एवढंच दिसत होतं त्यांना.

“तुला कुठे जायचंय गं?” शिवणवालीने विचारलं.

“मला विचारतेस?”

“हो.”

मुंगीने टेबलावरच्या दोन्ही ढिगांकडे पाहिलं. घड्याळं टिकटिकत राहिली, एकही दुसऱ्याच्या तालात नाही.

“तपकिरी.”

“तिथे ओढतात, बाळा.”

“माहितीये. पण बाही एकटीनेच चावावी लागते. बटण ओढायला दुसरं कुणीतरी असतं.” तिने स्वेटरची घडी घातली. “मी पण ओढीन.”

शिवणवालीला त्या चष्म्याच्या खिशाबद्दल सांगायचं होतं. ओठांवर आलेलं तिने गिळलं. सांगून सांगूनच तर इथवर आलं होतं.

तपकिरीच्या अर्जावर, खाडाखोडीखाली, तिने लिहिलं: मुलीने सांगितलं. घड्याळवाला तो अर्ज घेऊन पायात चप्पल नीट न घालताच पळाला. निळीला तिने फोन लावला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. “आम्ही येत नाही,” ती म्हणाली, आणि पलीकडच्या बाईने कारण विचारायच्या आत फोन ठेवला. जिवात जीव येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही.

“ये, कोटाचं माप घेते. हात पसर.”

मुंगी हात पसरून उभी राहिली. शिवणवालीने छातीभोवती फीत घेतली आणि दोन्ही टोकं बोटांत धरली. फितीखाली धडधड लागत होती. पोरीच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

“श्वास सोड गं. माप चुकेल.”

“सोडलाय.”

सोडला नव्हता. छाती होती तशीच फुगलेली, खांदे वर, नजर समोरच्या भिंतीवर. शिवणवालीने आकडा वाचला नाही. फीत आवळली नाही, सैलही केली नाही. ती तशीच धरून उभी राहिली, तो श्वास बाहेर येण्याची वाट बघत.