काठोकाठ

येनेव्हरचा पेला काठोकाठ भरायचा, इतका की कडेवर दारू फुगून उभी राहावी. मग गिऱ्हाइकाने हात पाठीमागे बांधायचे आणि पेला न उचलता, वाकून पहिला घोट घ्यायचा. जुनिपरच्या वासाची ही दारू स्खीडाम शहरात अशीच पितात. गेरब्रांडने उभा जन्म ती ओतण्यात घालवला. काठापर्यंत ओतता येईनासं झालं की काउंटर सोडीन, हे त्यानेच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून हाताला कंप सुटला होता. उभं राहून पाय भरून येत. तरी "मी कसला म्हातारा, गिऱ्हाइकंच म्हातारी झालीत," असं तो पुतणीला, आल्ट्येला, ऐकवी. पुरावाही होता. जुना नावाडी टेउनिस हल्ली पेला बोटभर रिकामा असतानाच 'पुरे' म्हणे, डॉक्टरांनी बजावलंय म्हणून. रोज त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्या वाउटरचं म्हणे पोट बिघडलेलं, म्हणून त्यालाही कमीच. गेरब्रांडला दोघांची काळजी वाटे, आणि खरं सांगायचं तर जरा हायसंही वाटे. चांगलं नव्हे ते, पण दमलेला माणूस कुठवर चांगला वागणार!

त्या दुपारी तो तळघरातून मातीचा बुधला घेऊन वर आला, तर आल्ट्येने पेले भरून दिलेले. काठोकाठ. टेउनिस वाकून, डोळे मिटून सुर्रकन घोट घेत होता. वाउटरही तसाच.

"काय रे लबाडा, डॉक्टर मेला वाटतं तुझा?"

टेउनिसच्या मिशीवरून दारू ओघळली. "आजच्या दिवस रे..."

"थापा मारू नकोस. कधीपासून चाललंय हे?"

टेउनिसने मिशी पुसली. शेवटी आल्ट्येच म्हणाली, "काका, तुमच्या हातून सांडायला लागलं तेव्हापासून. मलाही गप्प बसवलं यांनी."

"म्हणजे माझी कीव करताय!"

"कीव कसली डोंबलाची," टेउनिस उसळला. "तू घरी बसलास तर आम्ही भांडायचं कुणाशी?"

गेरब्रांडला आधी राग आला, मग रडू, आणि मग नुसता थकवा. त्याने बुधला खाली ठेवला, एप्रन सोडून आल्ट्येच्या हातात दिला आणि काउंटरला वळसा घालून टेउनिसशेजारी येऊन उभा राहिला. या बाजूने आपलं दुकान त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"भर पोरी," तो म्हणाला. "हात आखडू नकोस."

तिने भरला. गेरब्रांडने थरथरते हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवले आणि वाकला. शेजारी टेउनिसही वाकला, पेला केव्हाच निम्मा झालेला असताना.