वाढीव गुण

बालवाडीच्या बाईंनी आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली: रडू नको, काय हवंय ते तोंडाने सांग. कुणाचा रंग हिसकावला गेला, कुणाला शू लागली, कुणाला आईची आठवण आली, औषध तेच. निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. घरात मात्र काही म्हणायला कोणी उरलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक नोकरीसाठी समुद्रापार होती. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून तिचं नाव पडलं खारू. आता तिच्या हाताखाली माणसं कामाला होती, तरी आईच्या तोंडी ती खारूच.

मानेतली गाठ सापडली ती दुसऱ्याच कसल्या तरी तपासणीत. थायरॉइड ग्रंथीत, छोट्या वाटाण्याएवढी. सुई घालून पेशी तपासल्या, तर कॅन्सर निघाला. बाईंनी ते फोनवर खारूला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘ऑपरेशन ठरलं की लगेच कळव. मी त्याच दिवशी निघते.’’

फोन ठेवल्यावर बाईंनी कॅन्सरची काळजी करायची, ते सोडून लेकीच्या खोलीतली गादी गच्चीवर नेऊन तिला ऊन दाखवलं.

सर्जनने त्यांना समोर बसवून नीट समजावलं. ती साधारण खारूच्याच वयाची होती, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, बोलण्यात घाई नाही. तिने ‘आजी’ अशी हाक मारली तेव्हा बाईंना हसू आलं. नातवंडांचा पत्ता नाही आणि आजीपण फुकट पदरात. सर्जनचं म्हणणं असं, की ही गाठ गोगलगायीच्या चालीची. पुष्कळदा ती जन्मभर जागची हलत नाही. पण कधी कधी तिच्या पेशी मानेतल्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात, आणि त्या इतक्या बारीक असतात की सोनोग्राफीत सापडत नाहीत. जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी तिच्याकडे एक तक्ता होता, आधीच्या अनेक रुग्णांच्या अनुभवावरून केलेला. वय, गाठीची लांबी, कडा गुळगुळीत की खडबडीत, आत चुन्याचे कण आहेत का, प्रत्येकाला गुण. बेरीज मोठी आली तर गाठ पसरली असण्याची शक्यता जास्त, मग ऑपरेशन. लहान आली तर ठरावीक दिवसांनी तपासून नुसतं लक्ष ठेवायचं.

गुण मिळेनात. तरुणांना इथे जास्त गुण होते, बाईंच्या वयाला जवळजवळ भोपळा. पुरुषांना काही मिळायचे, बायकांना तेही नाहीत.

‘‘म्हातारपणाची एवढी सवलत मला अजून बसमध्येसुद्धा मिळाली नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि सर्जन मनापासून हसली. बाईही हसल्या, पण नजर तक्त्यावरच होती. काठावरचं पोर निकालाच्या दिवशी बेरीज करत बसतं, तशा त्या मनात बेरीज करत होत्या, आणि त्यांना गुण जास्त हवे होते.

एकच रकाना उरला. ग्रंथीवर एक पातळ आवरण असतं. गाठ त्याला चिकटली असेल तर बरेच गुण वाढतात. आधीच्या चित्रात ते स्पष्ट नव्हतं, म्हणून सोनोग्राफी पुन्हा करायची ठरली.

अंधाऱ्या खोलीत मानेखाली उशी घालून त्यांना झोपवलं. गळ्यावर गार जेली आली. तपासणाऱ्याने बोलू नका, गिळू नका म्हणून बजावलं. बाजूच्या पडद्यावर राखाडी धुरात एक काळा ठिपका होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रांगेत मागे रेंगाळणाऱ्या पोराला म्हणावं तसं त्या मनात म्हणाल्या, सरक रे जरा पुढे. आणि मग स्वतःच दचकल्या.

ठिपका सरकला नाही. गाठ आणि आवरण यांच्यामध्ये चांगल्या भागाची एक बारीक पट्टी होती.

सर्जनने बेरीज दाखवली. पसरली असण्याची शक्यता अगदी कमी. ऑपरेशनची गरज नाही. मात्र गाठीच्या विचाराने झोपच लागणार नसेल, तर अर्धी ग्रंथी काढता येईल. निर्णय आजींचा.

बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. ‘‘चिकटलीय असं लिहिता नाही का येणार?’’

सर्जनला आधी ती थट्टा वाटली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि कारण विचारलं. बाईंनी सांगून टाकलं: लेकीचं बोलणं, ऊन दाखवलेली गादी, सगळं. सर्जनने तक्ता दोघींच्या मध्ये सरकवला.

‘‘असे गुण वाढवून दिले, आजी, तर मला आत जास्त कापावं लागेल. कदाचित आवाजाच्या नसेपाशी जावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘ती आल्यावर तिच्याशी बोलायचंय ना तुम्हाला?’’

अर्ध्या ग्रंथीचा रस्ता मात्र मोकळाच होता. विचार करून सांगा, म्हणाली ती.

घरी येऊन बाईंनी फोन लावला. ‘ठरलं’ एवढा एकच शब्द म्हणायचा अवकाश होता. तो जिभेच्या टोकावर होता.

‘‘काय झालं गं?’’ खारूचा आवाज ताणलेला.

‘‘नापास झाले,’’ बाई म्हणाल्या. गाठ पसरली नसावी, लक्ष ठेवायचंय, घाई नाही, असं त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं.

खारूने श्वास सोडला तो इकडे ऐकू आला. ‘‘बरं झालं बाई. म्हणजे आता धावपळ नको.’’

धावपळ नको. एरवी अशा वेळी त्या जेवलीस का म्हणून विचारत, थंडीचं विचारत, आणि फोन ठेवत. आज त्यांनी तसलं काही विचारलं नाही.

‘‘ऑपरेशन नाहीये, खारू. तरी ये.’’

खारू बोलली ती गाल भरलेले असावेत तसं.

‘‘असं तू कधी म्हणालीच नाहीस, आई.’’

‘‘तुझी कामं असतात.’’

‘‘असतात. पण म्हणायचं तरी.’’ तिने नाक ओढलं. ‘‘रजेचं विचारते. लगेच नाही सांगता येणार. पण विचारते.’’

रजा मिळेल की नाही, याचा तक्ता कुणाकडे नव्हता. बाईंनी फोन ठेवला. सर्जनला ‘नको’ म्हणून उद्या कळवायचं होतं. ऊन अजून गच्चीवर होतं. त्यांनी गादी पुन्हा वर नेली आणि या वेळी दुसरी बाजू उन्हाला लावली.