शर्बिनीच्या गच्चीवरचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरचा. त्यामुळे मी पिवळा पडलो नाही, माझे कोपरे दुमडले नाहीत. तरीही माझी व्हायची ती दैना झालीच.

कैरोच्या इम्बाबा वस्तीत, शर्बिनी नावाच्या कबूतरवाल्याच्या गच्चीवर माझा जन्म झाला. उन्हं उतरली की तो उंच लाकडी खुराड्यावर चढून झेंडा फिरवी आणि त्याची कबुतरं आभाळात घिरट्या घेत. शेजारच्या रबाबने तो क्षण टिपला. मग तिने मला एका खुल्या संग्रहात ठेवलं आणि खाली लिहिलं, कुणीही मोफत न्या, छापा, कापा, विकासुद्धा. फक्त माझं नाव लिहा, परवान्याचा दुवा द्या आणि काही बदल केला तर तसं सांगा.

तिची आई तेव्हा हसली होती. "एवढी उन्हात तडफडतेस आणि फुकट वाटतेस? कोपऱ्यावरचा कोशरीवाला ताटलीतल्या डाळभातावर कांदासुद्धा जास्तीचा घालत नाही!"

"यम्मा, नाव राहतं ना माझं," रबाब म्हणाली.

"नाव काय भाकरीला लावून खायचंय?"

पण पुढे आईलाच त्या नावाचं वेड लागलं. मी मोरोक्कोतल्या एका पक्षीमित्राच्या पानावर गेलो, एका शाळेच्या धड्यात गेलो. दर वेळी रबाब फोन पुढे करी आणि माझ्याखालच्या नावावर बोट ठेवी. आईला लिहितावाचता येत नव्हतं, तरी बघून बघून तेवढी अक्षरं तिच्या ओळखीची झाली. आमच्याकडे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात. ही उम्म रबाब, म्हणजे रबाबची आई. तिचं स्वतःचं नाव गल्लीत कुणाला आठवतही नाही. माझ्याखाली लेकीचं नाव होतं, म्हणजे तिचंही होतंच की.

आणि मग रबाब गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मी तिच्याच डोळ्यांनी जग पाहिलं होतं. मला रडता येत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर उम्म रबाब गुडघे धरत गच्चीवर येई आणि म्हणे, "बघ रे शर्बिनी, माझी पोर आज कुठेय?" शर्बिनी फोनमध्ये शोधून दाखवी. ती नावावरून बोट फिरवी आणि मगच तिला घास गोड लागे. पण संग्रह बंद पडला. मी ज्यांवर होतो ती पानंही एकेक करून नाहीशी झाली. शोधता शोधता शर्बिनीला मी सापडलो तो उस्ताज फतूह यांच्या वेबसाइटवर. उस्ताज म्हणजे साहेब; हे तान्ता शहरातले, कबुतरांचे शौकीन.

माणूस वाईट नव्हता. हौसेने वेबसाइट चालवायचा, मला पहिल्याच पानावर मिरवायचा. पण 'मोफत' एवढं वाचून त्याने पुढचं वाचलंच नव्हतं. त्याने मला दोन्ही बाजूंनी छाटलं, आभाळ जास्त तांबडं केलं आणि खाली लिहिलं, 'सौजन्य: इंटरनेट'. इंटरनेट कधी चढलं होतं हो त्या गच्चीवर? तिथून मला पुढे कितीकांनी उचललं. तसंच, निनावी.

"बघ उम्म रबाब, माझीच कबुतरं!" शर्बिनी म्हणाला.

तिने आधी खाली पाहिलं. "नाव?"

शर्बिनी गडबडला. 'इंटरनेट' या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय, लिहिलंय की."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "मला वाचता येत नाही, बाळा. पण माझ्या पोरीचं नाव मला कळतं. हे ते नाही."

शर्बिनी खजील झाला. त्याने लगेच फतूहला कळवलं, "उस्ताज, दुसऱ्याचं कबूतर आपल्या खुराड्यात उतरलं तर ते कुणाचं, हे आपण कबूतरवाले लपवतो का? फोटो खुशाल ठेवा. त्याखाली रबाब सुयूफी हे नाव घाला. तिची आई वाट बघतेय."

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत वर आली. शर्बिनीने पान उघडलं. माझ्या जागी पांढरा चौकोन होता. सोबत फतूहचं उत्तर होतं: 'माफ करा. हाज्जा आईंना माझा सलाम सांगा. फोटो काढून टाकला आहे. आता तक्रार नाही ना?'

शर्बिनीने वाचून दाखवलं. उम्म रबाब खाली बसली. "काढ म्हटलं होतं का रे मी? मी नाव मागितलं होतं."

आता ती फोन उघडायला सांगत नाही. दाणे टिपणारी कबुतरं बघते आणि उतरून जाते. मी मात्र अजून कुठे कुठे भटकतो आहे, खाली नाव नसलेला, पोरका.

मित्रांनो, तुम्ही मला जरूर घ्या. तिने मला त्यासाठीच दिलं होतं. आवडेल तसं कापा, पण कापलं म्हणून सांगा. परवान्याचा दुवा द्या. आणि खाली लिहा, छायाचित्र: रबाब सुयूफी. जरा लवकर लिहा. जिना चढताना तिची आई आता मध्येच थांबते.