उलटा पाव

ओदिल माझ्याकडे भाड्याने राहायला आली तेव्हाच मी ओळखलं, हिचे पाय काही जमिनीवर टिकायचे नाहीत. मुलांसाठी गोष्टी लिहायची, त्यांची चित्रं काढायची. विमानांच्या भीतीनं गावानं खिडक्यांच्या काचा निळ्या रंगवल्या, तर हिनं त्या निळ्यात मासे काढले. दुपारी खिडकी लावली की माझं स्वयंपाकघर नदीच्या तळाशी जायचं. मासे भिंतीवरून हलायचे, मी सूप ढवळत राहायचे, आणि लढाई कुठे चाललीय ते आठवायचंसुद्धा नाही.

पण हीच बाई आमचा मुलूख बळकावलेल्या जर्मनांना आणि त्यांच्या चमच्यांना झोंबणारी चित्रंही काढायची. डोंगरात लपलेली पोरं ती छापून गावोगाव चिकटवायची. ओदिल स्वतः ती अंड्यांच्या टोपलीत गवताखाली घालून पोचवायची. पकडली गेली असती तर गोळीच.

म्हणून आमचं ठरलं होतं. घरात धोका असला की खिडकीत नेहमी असायचा तो पाव मी पालथा घालायचा. आमच्याकडे पालथा पाव अपशकुनी, फाशी देणाऱ्या जल्लादाच्या वाट्याचा; असा कुणी ठेवत नाही, लगेच डोळ्यांत भरतो.

"आणि माझं लक्षच नाही गेलं तर?" ती हसत म्हणाली.

"मर मग!" मी म्हणाले. माझी जीभच मेली तशी.

त्या दुपारी धुकं होतं. ओदिल टोपली घेऊन डोंगराकडे निघायची होती, म्हणून खालच्या मळ्यावर अंडी आणायला गेली होती. चित्रं तिच्याजवळच होती. एवढ्यात गास्पार आला. आमच्या पाववाल्याचा मुलगा. जर्मनांच्या बाजूनं बंदूक घेतलेला.

"काकू, ओदिलबाई येईपर्यंत बसतो," म्हणाला, आणि दाराआडच्या खुर्चीत बसला. पिस्तूल मांडीवर.

मी खिडकी उघडली, कट्टा पुसायचं निमित्त केलं आणि पाव पालथा घातला.

"अगं काकू! पालथा पाव जल्लादाचा!" तो ताडकन उठला, पाव सरळ केला, वर थोपटलासुद्धा. पाववाल्याचं पोर, त्याला कसं बघवेल ते!

थोड्या वेळानं मी पुन्हा पालथा घातला. त्यानं पुन्हा सरळ केला. "म्हातारी झालीस तू," म्हणाला. पण या वेळी तो माझ्याकडे जरा जास्तच बघत राहिला.

काय करू? पाव खिडकीत राहिला तर ती सरळ घरात शिरणार. मग पाव नकोच खिडकीत! मी सुरी घेतली, रीतीप्रमाणे पावावर क्रूस काढला, आणि खिडकीशीच उभी राहून जाड जाड तुकडे कापायला लागले. "खा बाबा. तुझ्या बापाच्याच हातचा आहे." आठवड्याचा पाव होता तो. मेला खात सुटला, आणि कवच कसं खरपूस झालंय ते मलाच सांगत बसला.

अंगणातल्या अक्रोडाच्या झाडापाशी ओदिल दिसली. धुक्यात जेमतेम एक रेघ. मी देवाची करुणा भाकली, आणि मनात तिला म्हटलं, एवढं एकदा बघ गं खिडकीकडे! ती थांबली. चित्र काढायच्या आधी मान वाकडी करायची, तशी केली. मग धुकं दाटलं, आणि विरलं तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं.

गास्पार अंधार पडल्यावर चडफडत गेला. ओदिल आली नाही. सबंध हिवाळा मी त्या माशांशी एकटीच बोलत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात जर्मन गेले, त्यांच्या मागे गास्पारही गेला. त्याचा बाप अजून पाव भाजतो, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. एका सकाळी ओदिल दारात उभी राहिली, नुसती हाडं. मी तिला मिठी मारून हमसाहमशी रडले.

"खिडकीत पाव नाही, हे कळलं ना गं तुला?"

"पाव?" ती म्हणाली. "पावाकडे कुठे बघितलं मी! मला तू दिसलीस, कुणाला तरी जाड जाड तुकडे वाढताना. तू! कोंबड्यांना चुरा न टाकणारी! म्हटलं, हिच्या घरात यमच बसलाय."

"शिंगं फुटलीत तुला," मी म्हणाले. डोळे पुसले, पाव घेतला, आणि तिला एक जाडजूड तुकडा कापून दिला.

तिनं तो हातात घेतला. आणि खाण्याआधी वळून दाराआडची खुर्ची रिकामी आहे ना, ते बघितलं.