पैलवानाचं बाळंतपण

दुकान उघडून तासही झाला नव्हता, पण वहिनीने कुत्र्यांना उभं करायचं उंच टेबल पुसून पुसून लखलखीत करून टाकलं होतं.

"अगं, भोक पाडशील त्याला," तिची नणंद म्हणाली.

या नणंदेला सगळे ताई म्हणत. ताईंची उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा भावजयीच्या दुकानात कुत्र्यांना आंघोळ घालावी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. भावजय त्यांना विचारणारच होती, पण कुणी विचारेपर्यंत थांबायची ताईंना सवय नव्हती. त्या तिला 'वहिनी' अशी खणखणीत हाक मारत आणि ती ऐकून ऐकून अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायला लागली होती.

कुत्र्यांचे केस कापायचं, विंचरायचं काम वहिनी दुसऱ्याच्या हाताखाली शिकली होती. तिथे तिने चावे खाल्ले, ओरखडे खाल्ले, एकदा तर एका लठ्ठ कुत्र्याने तिला टबातच पाडलं होतं. आज मात्र दारावरची पाटी तिची स्वतःची होती. सकाळपासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

दार उघडलं. आलेल्या माणसाच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती आणि दोन्ही हातांत एक मोठंथोरलं मळकं पायपुसणं होतं. मग पायपुसण्याने जीभ बाहेर काढली.

"हा पैलवान," तो माणूस म्हणाला. "मी मागच्या रस्त्यावरचा शिंपी. याच्या केसांनी माझा जीव नकोसा केलाय. काल एका नवऱ्या मुलाने नवा काळा कोट अंगात घातला आणि मला विचारलं, मास्तर, याला दाढी कधी फुटली? तेव्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत गोटा करून टाका."

"ब्रश कधी फिरवता?" वहिनीने विचारलं.

"कशावर?"

वहिनीने ताईंकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होत्या.

मास्तर तसा सरळ माणूस होता. त्याच्या मामाने मुलीकडे राहायला जाताना 'दोन दिवस सांभाळ' म्हणून कुत्रा त्याच्या दारात सोडला, त्याला महिना उलटून गेला होता. मास्तरने आयुष्यात कधी मासासुद्धा पाळला नव्हता. "रविवारी एक गोदामवाला नेणार आहे याला," तो म्हणाला. "साखळीने बांधून ठेवील राखणीला. म्हटलं, द्यायचा तर जरा माणसात आणून द्यावा."

साखळीचं ऐकून वहिनीच्या कपाळावर आठी चढली. पण पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून तिने शब्द गिळला आणि पैलवानाला टेबलावर घेतलं.

"आधी अंघोळ?" ताई बाह्या सरसावून तयारच होत्या.

"नाही ताई. जटेला पाणी लागलं की ती आणखी आवळते. आधी जट, मग पाणी."

जट तरी कसली! मानेपासून शेपटीपर्यंत केसांची एकच चादर झाली होती आणि कंगव्याचा एक दातही आत शिरत नव्हता. वहिनीने लहान आवाजाचं मशीन घेतलं आणि कातडीला लागून हळूहळू पुढे सरकवलं. पाठीवरची चादर अखंडच्या अखंड सुटून खाली लोळली. आतून गुलाबी कातडी निघाली, त्यावर लाल चट्टे. मास्तर एक पाऊल मागे सरकला.

"हे दुखत असेल का हो त्याला?"

"तुमचे केस कुणी दिवसरात्र मुठीत धरून ओढले, तर तुम्हाला दुखेल?"

मास्तरने नकळत आपल्याच टाळूवरून हात फिरवला.

पैलवान धापा टाकत होता. मधूनच पुढच्या पायांनी टेबल खरवडायचा, गोल फिरायला बघायचा. घाबरलाय बिचारा, असं वाटून वहिनीने मशीन बंद केलं, त्याला कुरवाळलं आणि उचलून नीट उभं करायला पोटाखाली हात घातला.

तिच्या तळहाताला आतून कुणीतरी लाथ मारली.

वहिनी जागच्या जागी थिजली. तिने बोटं जराशी सरकवली. जटेखाली पोट घट्ट, गोल, तापलेलं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "याच्या पोटात काहीतरी हलतंय."

"गाठ आहे का?" मास्तरचा चेहरा उतरला.

"गाठ लाथ मारत नाही. मास्तर, तुमचा पैलवान बाई आहे. आणि बाईचे दिवस भरलेत."

मास्तरने वाकून पैलवानाच्या पोटाकडे पाहिलं.

"अहो, असं कसं? मामांनी कुत्रा म्हणून दिला!"

"महिनाभर घरात होता, तुम्ही एकदाही पाहिलं नाही?" ताईंनी विचारलं.

"काय पाहणार? जिकडे बघावं तिकडे केस! पोटाला हात लावला की गुरगुरायचा."

"आणि लघवीला कसा बसायचा?"

"बसूनच. मला वाटलं, स्वभावाने मवाळ आहे."

ताईंना हसू आवरेना. त्या खुर्चीचा आधार घेऊन हसत असतानाच टेबलावर पाणी पसरलं. वहिनीने वाकून पाहिलं. हे साधं पाणी नव्हतं.

तिने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो कपाटावर मोठ्या आवाजात ठेवला. डॉक्टरीणबाई एका मांजरीचं पोट शिवत होत्या, सहायकाने त्यांच्या कानाशी फोन धरला होता.

"आता तिला इकडे आणू नका, रस्त्यातच होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टाके घातले की मी निघते. जमिनीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात टॉवेल घाला. जवळ गरम पाण्याची पिशवी ठेवा, पण कापडात गुंडाळून. मला सांगा, पोटाखालचे केस काढलेत?"

"नाही. तिथेही जटच आहे."

"मग पहिलं काम ते. पिल्लांना आचळ सापडलं नाही तर दूध मिळणार नाही. आणि मागची बाजूही मोकळी करा, नाहीतर पिल्लू जटेत अडकेल. हळू हं. घाई चालणार नाही आणि उशीरही चालणार नाही."

"हे बरं आहे!" ताई म्हणाल्या आणि टॉवेलांची चळत काखेत मारून कोपऱ्याकडे धावल्या. वहिनीने पैलवानाला अलगद खाली टॉवेलांवर ठेवलं.

मास्तरने खिशातून आपली कात्री काढली. "ही घ्या, रेशीम कापते."

"कात्री नको. जटेत कातडी वर ओढलेली असते, कधी कापली जाईल कळणारसुद्धा नाही. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घ्या आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. ती काय उलटतपासणी घेणार आहे?"

मग तो भला माणूस जमिनीवर मांडी घालून बसला आणि पैलवानाच्या कानाशी अस्तर किती लागतं, खिसा तिरका का घ्यायचा, ते सांगायला लागला. कळ आली की वहिनी मशीन थांबवायची, कळ ओसरली की दोन बोटं कातडीवर ताणून पुन्हा चालवायची. घाम तिच्या डोळ्यात उतरत होता. एकेक गुठळी सुटत होती आणि तिच्याखालून दुधाने टरटरलेली आचळं बाहेर येत होती. आपण दोन वर्षं जे शिकलो ते यासाठीच होतं की काय, असं तिला वाटून गेलं. भीतीही वाटत होती आणि तिच्या आत काहीतरी आनंदाने नुसतं उसळत होतं.

शेवटची गुठळी ताईंनी उचलून फेकली आणि पैलवानाने मोठी कळ दिली.

"आलं!" ताई इतक्या जोरात ओरडल्या, की समोरच्या फुटपाथवरची माणसं थबकली.

पहिलं पिल्लू काळंभोर. आईने स्वतःच त्याच्या अंगाभोवतीची पातळ पिशवी फाडली, चाटून चाटून त्याला लोळवलं आणि त्याने 'ची' केलं. मास्तरने अस्तराचं भाषण अर्ध्यावर सोडलं. दुसरं तांबूस, तेही धडपडत थेट आचळाशी गेलं. तिसरं आलं तेव्हा मात्र आई पहिल्या दोघांत गुंतली होती. तिने त्याच्याकडे मान वळवलीच नाही.

ते हलत नव्हतं.

"डॉक्टर, तिसरं पिशवीतच आहे. आई बघत नाहीये!"

"फाड तू! तोंडाकडून. नाक, तोंड पूस. डोकं किंचित खाली धर आणि टॉवेलने चोळ. जोरात चोळ, घाबरू नकोस!"

वहिनीने पातळ पिशवी नखाने फाडली. पिल्लू तिच्या तळहातात ओल्या मोज्यासारखं लुळं पडलं. तिने त्याचं नाक पुसलं आणि चोळायला सुरुवात केली.

"नाळ बांधायला दोरा हवा," फोनमधून आवाज आला. "पोटापासून बोटभर अंतरावर."

दोरा म्हटल्याबरोबर मास्तरचे हात आपोआप चालायला लागले. त्याने खिशातलं रीळ काढलं, ताईंनी दोरा आणि कात्री जंतुनाशकात बुडवली. सुईच्या नाकाशी आयुष्य घालवलेल्या त्या बोटांनी एका दमात गाठ मारली आणि गाठीच्या पलीकडून नाळ कापली. वहिनी चोळतच होती. पाठ, छाती, पुन्हा पाठ.

"अरे ऊठ की," ताई पुटपुटल्या. त्यांचा आवाज इतका लहान वहिनीने कधी ऐकला नव्हता.

पिल्लाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणि त्या एवढ्याशा जिवातून दाराच्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला.

मग काय झालं ते नीटसं कुणालाच आठवत नाही. ताईंनी वहिनीला मिठी मारली, मास्तरने ताईंना मारली आणि लगेच माफी मागितली. फोनमधून डॉक्टरीणबाई "अरे, काय झालं सांगा ना!" म्हणून ओरडत होत्या. खिडकीला नाकं लावून उभ्या असलेल्या माणसांनी बाहेर टाळ्या पिटल्या.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिन्ही पिल्लं ओळीने दूध पीत होती. त्यांनी सगळ्यांना तपासलं, पोटात आता कुणी उरलेलं नाही याची खात्री केली आणि मास्तरकडे वळल्या. लसी कधी दिल्या, जंताचं औषध कधी दिलं, असं त्या विचारत गेल्या आणि मास्तरची मान खाली खाली जात राहिली.

"मला काहीच माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण सांगाल ते करीन."

"पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडायची नाहीत. दूध सुटलं की हिचं ऑपरेशन करून घ्यायचं. आणि रोज ब्रश."

"रोज," मास्तर म्हणाला.

मग त्याने तिथूनच मामाला फोन लावला. "मामा, तुम्ही मला कुत्रा म्हणून सांगितलंत!"

"मग कुत्राच आहे ना?" मामा पलीकडून म्हणाला. "मी जात सांगितली होती!"

गोदामवाल्याला फोन करायला मात्र मास्तर दाराबाहेर गेला. काचेतून त्याचे हातवारे तेवढे दिसले. आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "साखळी त्याने स्वतःच्या गळ्यात बांधावी."

पैलवानाचं नाव कुणी बदललं नाही. फक्त मास्तर आता 'पैलवान आली, पैलवान जेवली' असं म्हणायला लागला. कापडाच्या कपाटाखालचा खण रिकामा करून त्याने तिथे बाळंतिणीची खोली केली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो ब्रश घेऊन बसायचा. नवे केस येत गेले तशी पैलवान दिसायलाही अशी देखणी निघाली, की कोट शिवायला आलेली माणसं तिच्याजवळच रेंगाळायची.

पिल्लांना मागणी खूप आली, पण मास्तरने सगळ्यांना सळो की पळो केलं. दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर कोण बघेल? एक जण मुलाच्या वाढदिवसाला अचानक भेट द्यायची म्हणून आला, त्याला मास्तरने सांगितलं, "मी माप घेतल्याशिवाय कोट देत नाही आणि तुम्ही कुत्रा मागताय? आधी मुलाला घेऊन या." मुलगा चार वेळा येऊन खेळून गेला, मगच काळं त्याच्या घरी गेलं. तांबूस डॉक्टरीणबाईंच्या सहायकाने नेलं.

तिसरं, ते बिजागरीच्या आवाजाचं, ताईंनी मागितलं. आपल्याला कोण नाही म्हणणार, या थाटातच मागितलं.

"उद्या घर बघायला येतो," मास्तर म्हणाला.

"माझं घर? तुम्ही तपासणार?" ताईंचा आवाज चढला. "अहो, त्याचा जन्म माझ्या टॉवेलवर झालाय!"

"तरीही," मास्तर म्हणाला.

वहिनी हातातला कंगवा घट्ट धरून हसू दाबत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मास्तर खरोखरच गेला, मोजपट्टी घेऊन. गच्चीच्या कठड्याचे गज त्याने मोजले आणि मान हलवली. "यातून पिल्लू खाली जाईल. जाळी लावा, मग बोलू."

ताई दोन दिवस धुमसत होत्या. तिसऱ्या दिवशी जाळी लागली, आणि संध्याकाळी त्या मास्तरच्या दारात हजर झाल्या, नवा पट्टा एका हातात आणि लहानसा ब्रश दुसऱ्या हातात. वहिनी मागोमाग होतीच. मास्तरने पिल्लू आईच्या नाकाशी धरलं, तिला पोटभर हुंगू दिलं आणि मग ताईंच्या ओंजळीत ठेवलं.

"रोज ब्रश," तो म्हणाला.

"मला शिकवू नका," ताई म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. पिल्लाने त्यांची हनुवटी चाटली आणि त्या रस्त्याला लागल्या. इतक्या भरभर चालत होत्या, की वहिनीला त्यांना गाठायला पळावं लागलं.