पूजेचं चाक

सोमेश्वरनं हँडब्रेक सोडला, तशी त्याच्या आईनं, शकुबाईंनी, बॉनेटवर हात ठेवून गाडी थांबवली.

वारंगा फाट्यावर मोहनसिंगच्या गॅरेजात ती जुनी फियाट आठवडाभर विटांवर उभी होती. सोमेश्वरच्या वडलांची गाडी. ते गेल्यापासून गोठ्यात पडून होती. नांदेडच्या भंगारात त्याला तारांची चाकं सापडली. जुन्या ढंगाची, मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असलेली. मोहनसिंगनं ती आज बसवली. आकांक्षाची, धाकट्या बहिणीची, पाठवणी ह्याच गाडीतून करायची, बापाच्या गाडीतून, असं सोमेश्वरनं ठरवूनच टाकलं होतं.

शकुबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की चाकं घरी आली तेव्हा सुनेनं, प्रतिक्षानं, ज्याला हळद-कुंकू लावलं, ते चाक डाव्या अंगाला बसलंय. पूजेचं चाक उजवीकडंच पाहिजे. मोहनसिंग जेवायला घरी गेला होता. त्याला येऊ द्या, असं सोमेश्वरनं म्हणून पाहिलं.

"त्याला कशाला? बैलगाडीचं चाक कोन्त्याबी अंगाला बसतंय. हे काय निराळं हाय?"

सोमेश्वरला ते पटलं. त्यानं पुढची दोन्ही चाकं, नट ज्या आट्यांवर बसतो त्या बैठकीसकट, उतरवून इकडची तिकडं केली. डावीकडचा नट आता उलटा आवळावा लागतोय, एवढं त्याच्या ध्यानात आलं; पण तांब्याच्या हातोडीनं दोन्ही घट्ट बसले, मग त्यानं विचार सोडून दिला.

कळमनुरीच्या रस्त्याला गाडी लागली. मागच्या सीटवर प्रतिक्षा, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर दीड वर्षाची ऐश्वर्या. वारा येत होता. शकुबाई कितीतरी दिवसांनी आपल्या नवऱ्याच्या गाडीत बसून बाहेर बघत होत्या.

एक चाक गाडीच्या पुढं पळालं.

एकटंच, सरळ, कुंकवाचा टिळा फिरवत. रस्ता ओलांडून सोयाबीनमध्ये शिरलं. मग गाडीचं उजवं अंग खाली बसलं, लोखंड डांबरावर घासत गेलं आणि फियाट आडवी होऊन थांबली. समोरचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी कडेनं निघून गेला. ऐश्वर्या तेवढी शेताकडं बोट करून हसली.

प्रतिक्षानं लेकराचे हात, पाय, डोकं चाचपलं. पुन्हा चाचपलं.

निरोप मिळाला तसा मोहनसिंग मोटरसायकलवर आला. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि पागोट्यावरून हात फिरवला.

"अदलाबदल कोनं केली? दोन बाजूंचे आटे उलटे असतात, भाऊ. बराबर बसलं तर चाक चालता चालता आवळत जातं. चुकीच्या बाजूला बसलं तर खुलत जातं."

सोमेश्वर बांधावर बसून आपल्या तळहातांकडं बघत होता.

"विकून टाकतो गाडी," तो म्हणाला. "पोरीचा जीव घेतला असता ह्या हातांनी. आकांक्षाला जीपमधी पाठवू."

शकुबाईंनी मांडीवरच्या लेकराच्या टाळूवर पदर ओढला आणि मान खाली घातली. प्रतिक्षानं ते पाहिलं.

"मी म्हणले," ती मोहनसिंगला म्हणाली. "पूजेचं चाक उजवीकडं घ्या, असं मीच म्हणले. ह्यांचा काय दोष न्हाई."

सोमेश्वरनं मान वर केली. बायकोकडं पाहिलं, मग आईकडं. तो उठला, रस्त्यावर पडलेला नट उचलला आणि सोयाबीनमध्ये शिरून चाक घेऊन आला.

मोहनसिंगनं वाकलेलं लोखंड ठोकून सरळ केलं. दोन्ही चाकं आपापल्या अंगाला बसवली. पूजेचं चाक पुन्हा डावीकडं गेलं. कुंकू मातीनं माखलं होतं, तरी दिसत होतं.

शकुबाईंनी ऐश्वर्याला सुनेच्या कडेवर दिलं. मालक गेल्यापासून हळद-कुंकवाच्या ताटाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. त्या चाकापाशी बसल्या आणि "आता माझा हट्ट न्हाई," म्हणत आपल्या पांढऱ्या पदरानं ते कुंकू पुसू लागल्या, हळूहळू, तारेतारेच्या मधून.