बाळा परबाचं गाऱ्हाणं

मी जिन्यावर फिनाईल टाकते. बावीस वर्षं टाकतेय, कारण भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीचा जिना दुसरं कोणी पुसत नाही. एवढ्यावरून शेजारच्या बाळा परबाने मला विष घालणारी ठरवलं.

गणपतीवर टांगायच्या माटवीत, फळं-भाज्या बांधलेल्या चौकटीत, घरचंच तवसं, म्हणजे मोठी काकडी हवी, म्हणून तो गच्चीवर एका ड्रममध्ये काकडी लावतो. दरवर्षी तोच ड्रम, तीच माती. पहिल्या वर्षी झकास आली. पुढची दोन वर्षं वेल हातभर वाढून पिवळा पडला. गेल्या गणपतीत त्याने भरल्या घरात देवाला गाऱ्हाणं घातलं, "ज्येना माझ्या वेलार इख ओतला, तेका बघून घे रे म्हाराजा!" आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तीस माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. ज्यांची पोरं मी सांभाळली, तीसुद्धा. वर्षभर बायका माझ्या हातचा चहा नको म्हणत होत्या.

यंदा त्याच्या मुलीने, शेतकी शिकणाऱ्या अपूर्वाने, त्याच मातीत दोन वेल लावले. एक साधा, दुसरा भोपळ्याच्या रोपावर कलम केलेला. साधा महिन्यात माना टाकून बसला. कलमाचा कठड्यावर चढला.

"बाबा, काकडीची मुळंच मातीत काहीतरी सोडतात," ती माझ्यासमोर त्याला म्हणाली. "ते साठलं की नव्या काकडीची मुळं त्यानेच मरतात. भोपळ्याच्या मुळांना ते फारसं बाधत नाही. फिनाईल असतं तर दोन्ही वेल मेले असते ना?"

"असात," म्हणून बाळा खाली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा. हातात तवसं. "घे गे कुंदा. झाला गेला सोडून दी."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बदनामी तीस जणांत आणि माफी दाराआड? मी दार लावून घेतलं.

गणपतीला मात्र गेले. मुद्दाम पुढे उभी राहिले. आरती झाली, बाळाने गाऱ्हाणं सुरू केलं. "कोणाचा काय चुकला-माकला असात..."

"कोणाचं?" मी म्हटलं. "गेल्या वर्षी नजरेनं माणूस दाखवलास. आता नाव घे."

बाळाने पुन्हा हात जोडले.

"माझा चुकला म्हाराजा. कुंदान कायएक ओतूक नाय. मी फुकट तिच्यार आळ घेतलंय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग मीच म्हटलं, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!"